रात्रीची उतरली का? घरी फुंकायच्या ब्रेथ ॲनालायझरचं परीक्षण

गटारी असो, गावच्या जत्रेचं मटण असो, नाहीतर कासच्या रस्त्यावरच्या फार्महाउसवरचं थर्टीफर्स्ट; दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी उभी असते आणि सवाल एकच असतो, काढायची का? बहुतेक जण तो स्वतःच्या डोक्याला विचारतात. डोकं ठणकत नाही, आंघोळ झाली, दोन कप चहा झाला, चालताना झोक जात नाही, म्हणजे उतरली. रक्तात किती उरली आहे हे यातल्या एकाही गोष्टीवरून कळत नाही. ते फुंकून कळतं, आणि त्यासाठी खिशात मावेल असं मशीन आता ऑनलाइन साधारण हजार रुपयांपासून पुढे मिळतं.

निकाल आधीच सांगून टाकू. फ्युएल सेल सेन्सरचं मशीन घ्या, वर्षातून एकदा कॅलिब्रेट (म्हणजे आकडा तपासून जुळवून) करून घ्या, आणि त्यावर ०.००० आल्याशिवाय चावीला हात लावू नका. एवढं पाळलं तर सकाळच्या कामाला ही वस्तू चांगली आहे, पाचपैकी चार तारे. सेमीकंडक्टर सेन्सरचं स्वस्त मशीन मात्र कोणी भेट दिलं तरी वापरू नये. ते चुकतं हे खरंच, पण कुठल्या बाजूला चुकतं ते बघितलं की जास्त काळजी वाटते.

सकाळी सहाला किती उरते

सत्तर किलोचा माणूस धरा. रात्री नऊला बसला, बारापर्यंत एक क्वार्टर व्हिस्की आणि एक मोठी स्ट्राँग बिअर. क्वार्टर म्हणजे १८० मिली, बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे आत ७७ मिली शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, मिलीला ०.७९ ग्रॅम, त्यामुळे वजन भरतं ६१ ग्रॅम. ६५० मिलीची बिअर साडेसात टक्क्यांची धरली तर तिच्यात आणखी ३८ ग्रॅम. बिअरला 'ती काय, पाणीच' म्हणणाऱ्यांनी हा आकडा परत वाचावा. एक मोठी स्ट्राँग म्हणजे जवळजवळ दोन लार्ज पेग.

एकूण ९९ ग्रॅम. स्वीडनच्या एरिक विडमार्कने १९३०च्या दशकात मांडलेलं सूत्र आजही वापरतात: पुरुषाच्या वजनाचा साधारण ६८ टक्के भाग धरायचा आणि अल्कोहोल त्यात वाटायचं. सत्तर किलोला ते १०० मिली रक्तात सुमारे २०८ मिलिग्रॅम येतं. भरपेट जेवणावर प्यायली तर हा आकडा थोडा खाली राहतो, पण हिशेब असाच. यकृत हे तासाला सरासरी १५ मिलिग्रॅमने कमी करतं. नऊ वाजल्यापासून धरलं तर सकाळी सहाला उरतात ७३. सातला ५८, आठला ४३, नऊला २८, दहाला १३, आणि शून्य व्हायला अकरा वाजतात.

कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे सहाला पुण्याला निघालेला हा माणूस खंबाटकी घाटात पोचतो तेव्हाही मर्यादेच्या दुपटीच्या आसपास असतो, आणि त्याच्या मते त्याची कधीच उतरलेली असते.

तरी हा सरासरीचा हिशेब झाला. कोणाचं यकृत तासाला २०ने कमी करतं, कोणाचं १०ने. तीच दारू, तेच वजन, पण पहिला माणूस सकाळी साडेसातच्या सुमारास शून्यावर येतो आणि दुसरा संध्याकाळी सहाच्या सुमारास. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरला तुम्ही यातले कोण हे माहीत नसतं. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी आणि वजनही बहुधा कमी, त्यामुळे पंचावन्न किलोच्या बाईला नुसत्या एका क्वार्टरने आकडा १८० ते २००च्या घरात जातो. सत्तर किलोच्या पुरुषाला तीच क्वार्टर १२८पर्यंत नेते. मशीनचा उपयोग इथेच आहे. ते सरासरी सांगत नाही, तुमच्या आजच्या श्वासात काय आहे ते सांगतं.

लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, दहा मिनिटं पळून घाम काढणं, यातलं काहीही तो तासाचा दर वाढवत नाही. सकाळी उलटी काढली तर पोटातलं बाहेर येतं, रक्तातलं नाही. झोपेतही दर तोच राहतो.

दोन सेन्सर, दोन स्वभाव

स्वस्त मशीनमध्ये टिन ऑक्साइडचा, म्हणजेच सेमीकंडक्टर, सेन्सर असतो. आतली बारीक तार त्याला तापवते आणि अल्कोहोलची वाफ लागली की त्याचा विद्युत रोध घटतो. त्यावरून आकडा काढतात. अडचण अशी की तो फक्त अल्कोहोलला ओळखत नाही. ॲसिटोन, सिगारेटचा धूर, परफ्युम, गॅस शेगडीची गळती, सगळ्यांनी तो हलतो. मधुमेह ताब्यात नसलेल्या किंवा भात-भाकरी सोडून किटो डाएट करणाऱ्या माणसाच्या श्वासात ॲसिटोन असतं. त्याने एक थेंब घेतला नसला तरी हे मशीन काहीतरी दाखवू शकतं. आठ-पंधरा दिवस पडून राहिलं तर पहिले दोन-तीन आकडे उगाच वर येतात.

वर येणं एक वेळ चालेल, त्याने माणूस घरी बसेल. पण सेल उतरत आले की आतली तार पुरेशी तापत नाही आणि आकडा खाली येतो. पुष्कळ स्वस्त मशीनना नळीच नसते. लांबून फुंकायचं असतं, त्यात बाहेरची हवा मिसळते आणि आकडा आणखी खाली येतो. पावसाळ्यातली ओल वेगळीच. महाबळेश्वर-कासकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत असा सेन्सर एकाच माणसाचे दहा मिनिटांत तीन वेगळे आकडे देतो. ज्याच्या शून्यावर विश्वास ठेवता येत नाही ते मशीन नसलेलं बरं, कारण मशीन नसेल तेव्हा माणूस निदान शंका तरी घेतो.

फ्युएल सेलचं काम वेगळं. प्लॅटिनमचे दोन थर, मध्ये आम्ल मुरवलेली सच्छिद्र चकती. श्वासातल्या अल्कोहोलचं तिथे ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, आणि त्या क्रियेत सुटलेले इलेक्ट्रॉन मोजले जातात. जितकं अल्कोहोल तितका करंट. ॲसिटोनचा याच्यावर जवळपास परिणाम होत नाही. रस्त्यावरच्या पोलिसांच्या हातातली यंत्रंही बहुधा याच जातीची. बॅकट्रॅकचं एस-८० किंवा ड्रेगरचं अल्कोटेस्ट ३८२० ही घरगुती वापरातली ओळखीची नावं. दोन्ही फ्युएल सेलची. किंमत स्वस्त मशीनच्या कित्येक पट आणि बाहेरून येणारा माल असल्याने रोज बदलणारी, म्हणून इथे देत नाही.

ऑनलाइन यादीत 'पोलीस ग्रेड', 'प्रोफेशनल' असं काहीही छापलेलं असतं. त्याला अर्थ नाही. खाली तांत्रिक माहितीत 'फ्युएल सेल' किंवा 'इलेक्ट्रोकेमिकल' हे शब्द शोधा. 'सेमीकंडक्टर', 'एमओएस', 'फ्लॅट सरफेस सेन्सर' असं असेल, किंवा सेन्सरबद्दल चकार शब्द नसेल, तर पुढे चला. अचूकता चांगल्या मशीनवर साधारण '०.०५०ला अधिक-उणे ०.००५' अशी दिलेली असते. याचा अर्थही समजून घ्या: टक्क्यांत दाखवणाऱ्या मशीनवर आपली ३०ची मर्यादा ०.०३० दिसते, आणि ०.०२८ आलं तर खरा आकडा ०.०३३ असू शकतो. मर्यादेच्या काठावर गाडी चालवायला हे मशीन नाही.

आकडा कोणत्या भाषेत आहे

सगळ्यात मोठी फसगत इथे होते, आणि ती महागड्या मशीनवरही होते. आपला कायदा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम म्हणतो. हीच मात्रा टक्क्यांत ०.०३०, प्रति हजारात ०.३०, आणि लिटरभर श्वासातल्या मिलिग्रॅममध्ये ०.१४३ अशी दिसते. शेवटचा आकडा असा येतो की रक्त आणि श्वास यांचं प्रमाण २१०० ला १ धरतात. युरोपातून आलेलं मशीन कित्येकदा श्वासाच्या मिलिग्रॅमवर लावलेलं असतं. समजा स्क्रीनवर ०.२८ दिसलं आणि मनात '३० मर्यादा, आपण २८' असं आलं, तर प्रत्यक्षात रक्तात ५९च्या आसपास आहे, मर्यादेच्या दुप्पट. तेव्हा खोक्यातून काढल्यावर पहिलं काम म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन एकक टक्क्यांवर आणणं. ते बदलता येत नसेल तर मशीनच्या पाठीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहून ठेवा: 'मर्यादा ०.१४'.

दुसरी फसगत रंगाची. हिरवा, पिवळा, लाल दिवे त्या-त्या देशाच्या कायद्याप्रमाणे लावलेले असतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मर्यादा ०.०८, युरोपात पुष्कळ ठिकाणी ०.०५. त्यामुळे ०.०४५ला हिरवा दिवा लावून 'ओके' म्हणणारं मशीन तुमच्या हातात असू शकतं, आणि सातारच्या वाढे फाट्यावर ०.०४५ ओके नसतं. धोक्याची मर्यादा स्वतः लावता येणारं मशीन असेल तर ती सगळ्यात खाली आणून ठेवा. नाहीतर दिव्याकडे बघायचंच नाही.

फुंकायचं कसं

बटण दाबलं की स्क्रीनवर उलटी मोजणी सुरू होते; सेन्सर तयार होत असतो. मग बीप येतो आणि फुंकायला सुरुवात केली की एकसुरी आवाज चालू राहतो. चार-पाच सेकंदांनी आतून 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि सूर थांबतो. तो टक् म्हणजे आतला इवलासा पंप. तुमच्या फुंकरीच्या शेवटच्या हवेतला ठरावीक घोट तो सेन्सरवर ओढून घेतो. शेवटचीच हवा का, तर आधी बाहेर येते ती तोंडातली आणि श्वासनलिकेतली. फुप्फुसाच्या तळाची, रक्ताला लागून आलेली हवा सगळ्यात शेवटी येते. म्हणून टक् ऐकू येण्याआधी दम सोडला तर चांगलं मशीन एरर दाखवतं आणि वाईट मशीन खोटा आकडा.

फुंकण्याआधी वीस मिनिटं तोंडात काही जायला नको. चहा, मावा, सिगारेट, माउथवॉश, काही नाही. काही माउथवॉशमध्ये भरपूर अल्कोहोल असतं. द्राक्षारिष्ट, अश्वगंधारिष्ट अशा आसव-अरिष्टांत ते आंबवण्यातून आपोआप तयार झालेलं असतं, साधारण पाच ते दहा टक्के. होमिओपॅथीचे थेंबही अल्कोहोलवरच असतात. या सगळ्यांचं रक्तात फारसं काही होत नाही, पण तोंडात राहिलेला अंश मशीनला थेट लागतो आणि आकडा ०.१००च्या वरसुद्धा जाऊ शकतो. वीस मिनिटांत तो अंश जातो. मावा खाणाऱ्यांसाठी आणखी एक: आधी साध्या पाण्याने दोन चुळा भरा. सुपारीचा एक कण नळीत अडकला की मशीन 'फ्लो' एरर देत बसतं, आणि आतपर्यंत गेला तर काढणं अवघड.

गाडीत बसून फुंकू नका. डॅशबोर्डवरचं परफ्युम, हाताला लावलेलं सॅनिटायझर, काच पुसायचा स्प्रे, सगळ्यांत सेन्सरला लागेल असं काही ना काही असतं. सॅनिटायझरच्या अल्कोहोलच्या बाबतीत फ्युएल सेलही फसतो. अंगणात किंवा गॅलरीत उभं राहून, हात साध्या पाण्याने धुऊन, वाऱ्याकडे पाठ करून फुंका.

जोर किती? गरम चहा निववताना घालतो तेवढाच, पण ओठ नळीभोवती घट्ट मिटून आणि एका दमात. फुगा फुगवल्यासारखं गाल फुगवून नाही. आधी एक साधा श्वास सोडा, मग खोल श्वास घ्या आणि लगेच फुंका. श्वास रोखून धरला तर आकडा थोडा वर जातो. धापा टाकून भराभर श्वास घेतले तर खाली येतो. पोलिसांना फसवायला हे दुसरं करणारे असतात. सकाळी स्वतःच्याच अंगणात स्वतःलाच फसवण्यात काय मिळतं?

एका आकड्यावर थांबायचं नाही. दहा मिनिटांनी दुसऱ्यांदा फुंका आणि दोन्हींपैकी मोठा आकडा खरा धरा. मध्ये दहा मिनिटं यासाठी की अल्कोहोल लागलेला फ्युएल सेल परत कोरा व्हायला वेळ घेतो; लगेच फुंकलं तर दुसरा आकडा बिघडतो. पित्ताचा त्रास असलेल्यांना मध्येच ढेकर आला तर पुन्हा पंधरा मिनिटं थांबावं.

आकडा आला तर? समजा ०.०४३. इथे १५ने भागू नका, १०ने भागा: ४३ भागिले १०, म्हणजे सव्वाचार तास. तेवढ्या वेळाने पुन्हा फुंका. शून्य आलं तर निघा, नाही आलं तर परत थांबा. ब्लूटूथवाल्या मशीनचं ॲप 'अमुक वाजता शून्य' असं छान आलेख काढून दाखवतं. तो सरासरी वेगावरचा अंदाज असतो. त्याला भेटीची वेळ ठरवायला वापरा, चावी उचलायला नाही. शिवाय काही मशीन अगदी कमी मात्रा सरळ ०.००० म्हणूनच दाखवतात, त्यामुळे शून्य आल्यावरही दहा मिनिटांनी दुसरी फुंकर सोडू नये. आणि ०.००० म्हणजे रक्तात दारू नाही, इतकंच. रात्री दोनला झोपून पाचला उठलेल्या माणसाची झोप मशीनला मोजता येत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे पेठ-सांगली रस्त्यावर धुक्यात मागचा दिवा नसलेली ट्रॉली उभी असते, तिथे ती कमी झोप महागात पडते.

दम्याच्या किंवा फार वयस्कर माणसाला पाच सेकंद सलग फुंकता येत नाही. त्याच्यासाठी हे मशीन निरुपयोगी आहे.

थंडी, ऊन आणि ठेवायची जागा

सातारच्या डिसेंबरच्या पहाटे मशीन गाडीतच राहिलं असेल तर ते गार पडलेलं असतं. श्वास येतो साधारण ३४ अंशांवर. गार नळीत त्याचं पाणी होतं, त्यात अल्कोहोल विरघळतं आणि आकडा कमी येतो. बहुतेक मशीनचं काम दहा अंशांच्या वर सुरळीत चालतं. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा. याच्या उलट, एप्रिल-मेमध्ये सांगलीत भर दुपारी बंद गाडीचा डॅशबोर्ड हात ठेवता येणार नाही इतका तापतो. अशा उष्णतेत फ्युएल सेलमधली ओल सुकत जाते आणि सेन्सर हळूहळू मंद होतो. मंद म्हणजे कमी दाखवणारा. मशीनची जागा घरातल्या कपाटात आहे, ग्लोव्ह बॉक्समध्ये नाही.

नळ्या कोमट पाण्याने धुवायच्या आणि पूर्ण वाळवायच्या. स्पिरिटने पुसल्या तर पुढची फुंकर मशीन त्या स्पिरिटचीच मोजणार. आणि 'काय येतंय बघू' म्हणून घोट घेतल्या-घेतल्या फुंकण्याची जी हौस पार्टीत प्रत्येकाला येते, ती सेन्सरला मारक आहे. तोंडातली ती वाफ एवढी दाट असते की सेल चिंब होतो, कित्येक मिनिटं सावरत नाही, आणि अशा चार पार्ट्यांनंतर त्याचं आयुष्य कमी होतं.

कॅलिब्रेशन, जे कोणी विचारत नाही

फ्युएल सेल वापरला नाही तरी वयाने उतरतो. म्हणून उत्पादक सहा महिने ते वर्षाने कॅलिब्रेशन सांगतात. म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण नेमकं माहीत असलेला वायू मशीनमध्ये सोडायचा, किंवा ३४ अंशांवर ठेवलेल्या द्रावणातून हवा सोडायची, आणि मशीनचा आकडा त्याच्याशी जुळवायचा. हे कोपऱ्यावरच्या मोबाइल रिपेअरवाल्याचं काम नाही. मेडिकलच्या दुकानात ऑक्सिमीटर आणि ग्लुकोमीटर मिळतो तसं हे मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी कॅलिब्रेशनची सोय वेगळी विचारावी लागते. घेण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचारा: कॅलिब्रेशन भारतात होतं का, कुरिअरने कुठे पाठवायचं, किती दिवस आणि किती पैसे. उत्तर गोलमोल आलं तर मशीन कितीही चांगलं असलं तरी वर्षाने ते शोभेचं होणार. काही मॉडेलमध्ये सेन्सरच बदलता येतो. अशी सोय असेल तर लांबच्या गावाला ती जास्त सोयीची. मशीन परत आल्यावर कागद बघा. त्यावर कॅलिब्रेशनच्या आधी किती दाखवत होतं आणि नंतर किती, असे दोन आकडे हवेत. नुसता शिक्का असेल तर काय केलं ते कळायला मार्ग नाही.

घरी करता येईल अशी एक ढोबळ तपासणी आहे. गाडी काढायची नसेल अशा रात्री शेवटच्या घोटानंतर दोन तासांनी फुंकायला सुरुवात करा आणि दर तासाला आकडा लिहून ठेवा. ०.०७०, ०.०५६, ०.०४१ असा पायरी-पायरीने उतरत गेला तर मशीन शहाणं आहे. ०.०७०, ०.०२२, ०.०५८ असं आलं तर कॅलिब्रेशनलाही पाठवू नका. सोबत न पिणारा कोणी असेल तर त्यालाही एकदा फुंकायला लावा, त्याचं ०.००० आलंच पाहिजे. न पिणारा माणूस अशा वेळी फार खूश होतो.

पोलिसांसमोर

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८५मध्ये 'सकाळ झाली होती' अशी सवलत नाही. ३०च्या वर आकडा आला की पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९पासून हे आकडे लागू आहेत. हेल्मेटच्या चलनासारखं जागेवर पैसे भरून हे मिटत नाही, कोर्टात जावं लागतं, आणि लायसन्सवरही गदा येते. मोटार विम्याच्या पॉलिसीत नशेत चालवलेल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारायची अट असते, ती वेगळी.

घरी आलेला आकडा पोलिसाला दाखवून काही उपयोग नाही. कलम २०३खाली तो त्याच्या यंत्रावर फुंकायला सांगतो, तोच आकडा मोजला जातो. घरचं मशीन पुराव्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे. म्हणूनही काठावरचा आकडा कामाचा नाही. तुमचं मशीन ०.०२६ म्हणालं आणि त्याचं ०.०३१, तर वाद घालायला जागा उरत नाही.

रात्री 'अजून किती बसते' हे बघायला हे मशीन वापरणारेही असतात. शेवटचा पेग अजून पोटातून रक्तात जायचा असतो, त्यामुळे रात्री दहाचा आकडा साडेदहाला वर गेलेला असतो. पार्टीत ते बाहेर काढूच नये.

ट्रॅव्हल्स, शाळेच्या गाड्या, दुधाचे टँकर

चार-सहा गाड्यांच्या मालकाने घरगुती मशीन घेऊन दहा ड्रायव्हर तपासायचे ठरवले तर ते पुरत नाही. रोजच्या दहा फुंकरींनी कॅलिब्रेशन सहा महिन्यांवर येतं आणि नळ्यांचा खर्च वाढतो. प्रत्येकाला वेगळी नळी हवीच. आकडे साठवणारं, तारीख-वेळ नोंदवणारं, जमल्यास कागद छापणारं मशीन घ्यावं. नुसतं कपासारखं तोंडासमोर धरायचं मशीन फक्त 'आहे' किंवा 'नाही' सांगतं. गेटवर चाळणी म्हणून ठीक, पण 'आहे' म्हणालं की नळीवाल्यावर परत फुंकायला लावावं लागतं. फुंकण्याआधीची वीस मिनिटं इथे फार महत्त्वाची, कारण पहाटे पाचला गेटवर येणारा प्रत्येक जण चहा पिऊन किंवा मावा मळतच आलेला असतो. आधी रजिस्टरवर सही, मग चुळा, मग वीस मिनिटं गाडीचं हवा-पाणी बघणं, मग फुंकर, असा क्रम लावला तर वेळही वाया जात नाही.

वहीत पाच रकाने पुरतात: वेळ, गाडीचा नंबर, पहिला आकडा, दुसरा आकडा, सही. आणि फुंकताना मशीन ड्रायव्हरच्या हातात देऊ नका, दुसऱ्याने धरावं. सरावलेला माणूस ओठाच्या कोपऱ्यातून अर्धी हवा बाहेर सोडतो, सूर तरी चालूच राहतो, आणि मशीन टक् करून त्याला हवा तो आकडा देऊन टाकतं.